शोगुन खेळणाऱ्यांनो, राक्षसभुवन माहीत आहे का?

सामुराईंच्या जपानवरचा 'शोगुन २: टोटल वॉर' (२०११) हा गेम खेळलेल्यांना सेकिगाहारा ठाऊक असतं. १६०० साली तिथे ऐन लढाईत कोबायाकावा हिदेआकीने बाजू बदलली आणि तोकुगावा इएयासू जिंकला.

तसाच डाव आपल्या बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला रंगला. १० ऑगस्ट १७६३, पेशवे विरुद्ध निजाम. नागपूरकर जानोजी भोसले आधीच निजामाला सोडून पेशव्यांकडे आलेले. गोदावरीला पूर. निजाम अली नदीपार गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मात्र फौजेसह दक्षिण तीरावर. मराठे नेमके तिथेच तुटून पडले. पेशव्यांचे काका राघोबादादा वेढ्यात सापडले, तेव्हा अवघ्या अठरा वर्षांचे पेशवे माधवराव कुमक घेऊन धावले. विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडून निजामाला मदत पाठवता आली नाही. शत्रू अर्धा नदीपार असताना हल्ला, याहून सुंदर चाल मी कुठल्याच गेममध्ये पाहिलेली नाही!

'शोगुन'च्याच मालिकेतल्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये (२००९) मराठे म्हणून खेळता येतं. मोहीम १७०० पासून सुरू होते. जरूर खेळा. घोडदळ राखून ठेवा, आणि शत्रू नदी ओलांडू लागला की अर्धी फौज पार होईपर्यंत थांबा.