करवतीचे दात

आजीचं करवतकाठी लुगडं पिशवीत घालून मी नागभीडला गेले. नऊवारी, अंग कोशाच्या मूळ मधाळ रंगाचं, काठ लाल. आजी सावलीची, १९३६ साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनाला गांधीजी आले होते ती सावली. पुण्यातल्या एका लग्नात मी ते नेसले, तर चारचौघींनी विचारलं, असं आता मिळतं का?

मागावरच्या काकांनी घडी उलगडली आणि आधी काठाची उलटी बाजू पाहिली. तिथेही दात तितकेच लाल, तितकेच टोकदार. "तीन धोट्यांचं हाय," ते म्हणाले. बाजारात ज्या छापील करवती मिळतात, त्यांचा काठ मागून फिकट असतो.

मागावर नवी साडी चढलेली होती. अंगाच्या बाण्याला टसरचा, म्हणजे कोशाच्या रेशमाचा एक धोटा, दोन्ही काठांना रंगीत सुताचे दोन. काठाचा धोटा काठापुरताच जातो, अंगाचा धोटा तिथवर येतो, दोन धागे एकमेकांत अडकतात आणि आपापल्या वाटेने माघारी वळतात. हा सांधा फेरीगणिक जरा आत, जरा बाहेर सरकवायचा. त्या सरकण्यातून करवत उमटते. म्हणून लालात मध मिसळत नाही. काका ओठातल्या ओठात मोजत होते. मी मध्येच काहीतरी विचारलं, मोजणी चुकली, दात मोडला. एक शब्द न बोलता त्यांनी दोन फेऱ्या उसवल्या. पुढचा तासभर मी गप्प बसले.

या साडीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा मला अभिमान आहे. पण तिची सुरुवात मागावर होत नाही. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर, आरमोरीकडच्या जंगलात ढिवर कुटुंबं पाखरांपासून, मुंग्यांपासून कोशाच्या अळ्या राखतात. कोसा फांदीला देठानं लटकतो, फळासारखा. सोडा घातलेल्या पाण्यात उकळला की मऊ पडतो, मग धागा निघतो.

सूत काढणाऱ्या काकूंच्या घरी आता तो यंत्रावर निघतो. पूर्वी बायका चार-पाच कोशांचे तंतू एकत्र करून उघड्या मांडीवर वळायच्या. कातडी सोलून निघायची. जुन्या वस्त्रांवर माझा जीव आहे, तीन धोटे टिकावेत म्हणून मी हवी तितकी वाट पाहीन, हवे तितके पैसे मोजीन. पण ही मांडी परत यायला नको.

निघताना काकूंनी आजीचं लुगडं हातात घेतलं. पदर चिमटीत धरून अंगठ्यानं चोळला. धागा कुठे जाड, कुठे बारीक. याच खडबडीतपणाचं मी त्या लग्नात सगळ्यांना कौतुक सांगितलं होतं.

"मांडीवरचं सूत हाय हे, माय," काकू म्हणाल्या, आणि पदर सारखा करून घडी माझ्या हातात दिली.