थरथर आणि हार्ड डिस्क

संगणकातील साडेतीन इंची हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे 130 किलोमीटर भरतो. तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत हेड माहिती लिहिते आणि वाचते. आजच्या मोठ्या डिस्कमध्ये माणसाच्या एका केसाच्या जाडीत हजाराहून अधिक ट्रॅक, म्हणजे माहितीच्या वर्तुळाकार रेघा, मावतात. लिहिताना हेड ट्रॅकच्या रुंदीच्या साधारण दहाव्या हिश्श्याहून जास्त सरकलेले चालत नाही.

हेडचा दांडा हलवते ती चुंबकांमधली तारेची गुंडाळी. लाउडस्पीकरचा पडदा याच तत्त्वावर हलतो, म्हणून तिला व्हॉइस कॉइल म्हणतात. तबकडीवर ठरावीक अंतराने स्थानखुणा कारखान्यातच लिहिलेल्या असतात. एका फेऱ्यात अशा शेकडो खुणा हेडखालून जातात. प्रत्येक खुणेपाशी हेड किती ढळले हे मोजले जाते आणि गुंडाळीतला वीजप्रवाह त्याप्रमाणे बदलला जातो.

ही दुरुस्ती कुठवर पुरते ते पाहू. मुंबईच्या गिरगावातल्या खोताच्या वाडीत जुनी लाकडी घरे आहेत. कोणी जिना चढला तरी अशा घरांची जमीन हलते. पण ते हेलकावे सेकंदाला दहा-वीसच असतात, आणि इतक्या संथ हालचालीला हेड सहज साथ देते. खरी अडचण सेकंदाला हजारो कंपनांची, म्हणजे मोठ्या आवाजाची. खुणा ठरावीक वेळानेच येतात, शिवाय दांडा स्वतःही काही हजार कंपनांना झंकारतो. त्यामुळे दुरुस्ती उशिरा पोचते. संथ थरथर आणखी दाबू पाहिली, तर वेगवान थरथर वाढते. पाण्याने भरलेली पिशवी एकीकडे दाबली की दुसरीकडे फुगते, तसेच हे. नियंत्रणशास्त्रातली ही मर्यादा कोणत्याही कारखान्याला चुकवता आलेली नाही.

हेड ढळले की शेजारच्या ट्रॅकवरची माहिती पुसली जाऊ नये म्हणून लिहिणे तत्काळ थांबते आणि पुढच्या फेऱ्याची वाट पाहिली जाते. अशी प्रत्येक खेप सुमारे 8 मिलिसेकंदांची. म्हणून थरथरीचे पहिले लक्षण म्हणजे डिस्क मंदावणे; बिघाड नंतरचा. 2008च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सचे ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या रांगेसमोर नुसते ओरडले, तर डिस्कचा प्रतिसाद मंदावल्याचे पडद्यावर उमटले. सप्टेंबर 2016मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेत आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजाने डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास ठप्प राहिले.

एका पेटीत अनेक डिस्क असल्या की त्या एकमेकींनाही हलवतात. अशा कामासाठीच्या बऱ्याच डिस्कमध्ये थरथर ओळखणारे सेन्सर असतात. हेड ढळण्याआधीच ते इशारा देतात. काहींत हेडजवळ त्याला हलवणारी पिझो पदार्थाची दुसरी, बारीक यंत्रणाही असते. वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात डिस्क घेताना ती किती टीबीची एवढेच न विचारता ती कोणत्या कामासाठी बनवली आहे हेही विचारावे. बसवताना सगळे स्क्रू घट्ट आवळावेत, आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीचा रेकॉर्डर स्पीकरच्या फळीवर कधीही ठेवू नये.