शाहिराची प्रौढी आणि रॅपरची दहशत

कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी, जे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते आणि आज सांगली जिल्ह्यात आहे, 1866 साली जन्मलेल्या श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी यांनी वतनाचे दप्तर सोडून तमाशाचा फड धरला, तेव्हा नव्या नावाबरोबर एक निराळा पुरुषही घडविला: तालमीतल्या मल्लासारखा शड्डू ठोकणारा, प्रतिपक्षास हिणविणारा आणि आपण दोन लाख लावण्या रचल्याची ग्वाही लावणीतूनच देणारा पठ्ठे बापूराव. तो आकडा कोणी मोजला नाही. फडात बसलेल्यांना तो मोजावयाचाही नव्हता.

पिस्तुलाची भाषा बोलणारा, नशेत आकंठ बुडाल्याचे सांगणारा रॅपर ऐकून ज्यांच्या कपाळास आठ्या पडतात, त्यांनी ही वंशावळ ध्यानात घ्यावी. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जन्मलेले हिप-हॉप प्रतिस्पर्ध्यावर शब्दांनी मात करण्याच्या ईर्षेवर वाढले. पुढे 'क्रॅक' कोकेनने होरपळलेल्या लॉस एंजेलिसच्या परिसरातून 'एन.डब्ल्यू.ए.' या चमूची 1988 ची ध्वनिमुद्रिका आली आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे नापसंतीचे पत्र. ज्याला कचेरीत कोणी उभे करून घेत नाही, तो गाण्यात स्वतःचा दरबार भरवितो. तेथे दहशत हा अलंकार असतो आणि नशा ही निर्भयतेची सनद. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीतून निघून 2023 मध्ये 'बिग बॉस' जिंकणाऱ्या रॅपर एम.सी. स्टॅनचा तोरा याच कुळीचा.

अंतर पडले आहे ते श्रोत्याच्या बाजूस. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यात शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले आणि शक्तीची थोरवी गाणारे कलगीवाले समोरासमोर ठाकत, एकाने घातलेले कूट दुसऱ्याने तेथेच सोडवावयाचे असे, त्यामुळे कोणाचीही फुशारकी उत्तर येईपर्यंतच टिके आणि सोंग हे सोंगच आहे, याचा विसर शेवटच्या रांगेतल्या पोरासही पडत नसे. मिरजेच्या किंवा कराडच्या ज्या मुलाच्या कानात आज इअरफोन आहे, त्याला सवाल ऐकू येतो, जबाब येत नाही. तो मुखवट्यालाच चेहरा समजेल ही भीती खरी आहे. मात्र ती अशा गाण्यांवरील बंदीने टळेल, हे मला पटत नाही.

2023 च्या एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाच्या वास्तूत मद्य, तलवार व पिस्तूल मांडून चित्रित केलेल्या रॅपबद्दल फिर्याद झाली. विद्येच्या घरी असली मांडामांड अशोभनीयच. परंतु गाण्यातल्या 'मी'चे बोल म्हणजे कबुलीजबाब नव्हे, आणि हे ओळखूनच कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये गीतांचा पुराव्यादाखल उपयोग करण्यावर कायद्याने मर्यादा घातली.

नशेचा खरा मुद्देमाल गाण्यात सापडत नाही, तो आपल्याच इलाख्यात सापडला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मेफेड्रोनचा साठा जप्त केला. पुढल्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे मुंबई पोलिसांनी ते बनविणारा कारखानाच उघडकीस आणला आणि तेथून 100 किलोहून अधिक माल ताब्यात घेतला.