बिली आणि त्याची 'बायको'

ऑर्केस्ट्रात कोपऱ्यात उभं राहून चार जाड तारांची गिटार वाजवणाऱ्याकडे आपण कधी बघतो का? त्या गिटारला बेस म्हणतात. अमेरिकेतल्या बफेलोचा बिली शीहान मात्र 'मिस्टर बिग' या रॉक बँडच्या कार्यक्रमात ती एकट्याने वाजवायचा. ना गायक, ना ड्रम. जुलै २०२३मध्ये, वयाच्या सत्तरीत, बँडच्या निरोपाच्या दौऱ्यात टोकियोच्या बुडोकानलाही तो असाच वाजवत होता. दोन्ही हातांची बोटं तारांवर नुसती नाचत असतात!

आता गंमत ऐका. त्याच्या जुन्या बेसचं नाव काय, तर 'द वाइफ'. चक्क बायको! तरुणपणी त्याने तिच्यात जादा पिकअप बसवला आणि खर्जाचा आवाज वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरवर नेला. पुढे जपानच्या यामाहा कंपनीने याच कल्पनेवर त्याच्यासाठी 'अ‍ॅटिट्यूड' नावाची बेस काढली. तेव्हापासून दौऱ्यावर जाते ती ही नवी. सगळे प्रयोग सोसले ते जुनीने, आणि टाळ्यांच्या वेळी ती घरी. मला आधी हसू आलं, मग थोडं खुपलंही. नाव मात्र त्याने अजून बदललेलं नाही हं!