सातबाऱ्यावरचं रान

कोल्हापूरहून मलकापूरमार्गे रत्नागिरीकडे निघालं की आंबा गावानंतर रस्ता घाट उतरू लागतो. वर शाहूवाडी तालुक्यात वनखात्याच्या हद्दी आहेत, उत्तरेला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. खाली संगमेश्वर तालुका लागतो. साखरप्यापासून देवरुख, मार्लेश्वरच्या परिसरापर्यंत डोंगरउतारांवर झाडी दाट दिसते; पण ही झाडी ज्या जमिनीवर उभी आहे ती बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फारच थोडं. इथलं जंगल म्हणजे शेतकऱ्यांची, चाकरमान्यांची, एकत्र कुटुंबांची मिळकत.

कोल्हापूरकराला हे चटकन पटत नाही. आपल्या मनातलं जंगल म्हणजे दाजीपूर. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातलं राखीव शिकारक्षेत्र, १९५८ साली झालेलं अभयारण्य, पुढे १९८५ मध्ये विस्तारून झालेलं राधानगरी अभयारण्य. तिथे मालक एकच, सरकार. आणि राखण करायला वनरक्षक. घाटाखाली मात्र एका डोंगराला पंचवीस-तीस मालक असू शकतात. या मालकांशी बोलून, त्यांना कुऱ्हाडीपासून परावृत्त करून रान टिकवण्याचं काम पुण्याची एक संस्था इथे अनेक वर्षं करते आहे. तिचं नाव अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन, म्हणजेच एईआरएफ. १९९४ साली ती सुरू झाली. वनस्पतींच्या अभ्यासक अर्चना गोडबोले आणि त्यांचे सहकारी जयंत सरनाईक ही त्यातली ठळक नावं.

संस्थेची सुरुवात देवरायांपासून झाली. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल शास्त्रज्ञांपुढे मांडलं होतं. एईआरएफच्या कार्यकर्त्यांना देवराईने आणखी एक धडा दिला. इथे रान कागदावरच्या कायद्यापेक्षा गावाच्या बैठकीत राखलं जातं. गुरव, मानकरी, देवस्थानचे विश्वस्त, पालखीचे मान असलेली घराणी या सगळ्यांचं एकमत झालं तर फांदीही तुटत नाही, आणि फाटलं तर देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडं विकली जातात. त्यामुळे इथे काम करायचं तर झाडं ओळखण्याइतकीच माणसं ओळखता यायला हवीत.

पण देवराया म्हणजे लहान लहान तुकडे. त्यांच्या भोवतीचं मोठं रान खासगी. पूर्वी या वरकस जमिनीचा शेताला उपयोग होता: राबासाठी कवळ, गुरांना चारा, चुलीला जळण. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर कुळांच्या नावावर जमिनी झाल्या. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत वारसांची नावं वाढत गेली, बरीचशी मुंबईला गेली. भातशेती कमी झाली, गुरं कमी झाली आणि रानाचा रोजचा उपयोग संपला. उरला तो एकच, तोडीचा. ठेकेदार येतो, अख्ख्या तुकड्याचा उक्ता व्यवहार ठरवतो, रोख पैसे देतो. लाकडाचे ट्रक घाट चढून वर येतात. बुंध्यांना फुटवे येतात, दहा-बारा वर्षांनी पुन्हा तोड होते. डोंगर हिरवा दिसतो, पण जुनं झाड त्यावर उरत नाही. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीचं नियमन करणारा कायदा आहे. त्याखाली रीतसर अर्ज करून तोडीची परवानगी घेता येते. रान न तोडणाऱ्याच्या हातात मात्र काहीच पडत नाही.

नेमकं इथे एईआरएफने बोट ठेवलं. मालकाशी करार करायचा: ठरावीक वर्षं या तुकड्यात तोड करणार नाही. बदल्यात मालकाला किंवा गावाला ठरलेला मोबदला, नाहीतर गावाच्या गरजेचं एखादं काम. जमीन मालकाचीच राहते. ऐकायला सोपं वाटतं; पण सातबाऱ्यावर बारा नावं असतील तर बाराही जणांची सही हवी. एक भाऊ गावात, दोन मुंबईत, बहिणीचा हिस्सा वेगळाच. शिमग्याला आणि गणपतीला सगळे गावी येतात तेव्हाच बोलणी पुढे सरकतात. संरक्षित रानाच्या नकाशामागे असं ओटीवरचं बसणं-उठणं असतं.

करारापेक्षाही रानाला बळ दिलं ते बेहड्याने. हा मोठा वाढणारा वृक्ष. जुन्या बुंध्यात ढोली तयार होतात. महाधनेशासारख्या प्रचंड पक्ष्याला घरट्यासाठी असंच झाड लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. फक्त चोच बाहेर काढता येईल एवढी फट ठेवते. पुढचे काही महिने नर तिला आणि पिल्लाला फळं आणून भरवतो. हे झाड पडलं की घरट्याची जागाच जाते, कारण अशी ढोल तयार व्हायला माणसाच्या दोन पिढ्या जातात. लाकूड म्हणून बेहड्याला फारसा भाव नाही, तो जळणात जायचा. पण हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो, आणि त्रिफळ्याला जगभर गिऱ्हाईक आहे.

एईआरएफने हीच साखळी जोडली. रानातून गोळा होणाऱ्या वनस्पतींसाठी ‘फेअरवाइल्ड’ नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असतं. फळं किती घ्यायची, रानासाठी किती सोडायची, गोळा करणाऱ्याला योग्य दाम मिळतो की नाही, हे त्यात तपासलं जातं. इथल्या बेहड्याला आणि भीमाशंकरकडच्या महादेव कोळी समाजाने गोळा केलेल्या हिरड्याला ते मिळालं. इंग्लंडच्या ‘पक्का हर्ब्ज’ने हा माल घेतला. सरपणाच्या भावाने एकदाच जाणारं झाड आता दरवर्षी फळांचे पैसे देऊ लागलं, आणि त्याच्या ढोलीतल्या धनेशाचीही सोय झाली.

याला मर्यादा आहेत. कराराची मुदत संपते. मोबदल्याचा पैसा बराचसा देणगीदारांकडून येतो. ठेकेदाराची थप्पी मात्र एकरकमी असते. पुढच्या वारसाला जमीन विकून मोकळं व्हायचं असेल तर त्याला कोण अडवणार? संस्थेच्या हातात ना दंड आहे ना गणवेश. मालकाचा शब्द एवढंच तिचं भांडवल.

तरीही कोल्हापूर जिल्ह्याने या कामाकडे बारकाईने पाहायला हवं. राधानगरीत टिपलेला एक नर वाघ २०२३ च्या डिसेंबरमध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कॅमेऱ्यात दिसला. वाघ दक्षिणेकडून चांदोलीकडे येतो तेव्हा वाटेत सरकारी जंगल लागतं, तशी मालकीची रानं, गवताळ सडे आणि शेतंही लागतात. विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड इथे संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली आहेत. पण ती सरकारी जमिनीपुरती. मधल्या दुव्यांवर आज रिसॉर्ट आणि फार्महाऊसचे प्लॉट पडत आहेत. २००२ मध्ये वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीने खासगी किंवा सामूहिक जमिनीवर, मालकांच्या स्वेच्छेने, समुदाय राखीव क्षेत्र करायची वाट उघडून दिली आहे. त्या वाटेने जायला तयार असणारा शेतकरी शोधायचा, त्याच्या भावांना एकत्र बसवायचं आणि न तोडण्याचं उत्पन्न दाखवायचं, ही कामं कुणीतरी अंगावर घ्यावी लागतील. ती कशी करायची याचा नमुना घाटाच्या पायथ्याशी आहे.

पाहायला जायचं तर कोल्हापूरहून आंबा घाट उतरून साखरपा, तिथून देवरुख. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. या रानाला फाटक नाही, तिकीट नाही, म्हणून ते मोकळं आहे असं समजू नये. ज्याच्या आवारातून जाणार त्या घरी आधी विचारावं. धनेशाचं घरटं दाखवायचा आग्रह धरू नये. विणीच्या काळात झाडाखाली गर्दी झाली की नर अन्न घेऊन यायला कचरतो. आणि घरमालकाशी बोलायची संधी मिळाली तर पक्ष्यांच्या आधी एक गोष्ट जरूर विचारावी: ठेकेदार येऊनही तुम्ही हे रान विकलं का नाही?