मांडवातली सनई आणि तुमचे कान

घरात लग्न ठरले की वाजंत्री कोणती, यावर वाद होतोच. त्यात तुम्हीही बोला. पण आधी सनई कशी वाजते ते पाहा. ओठांत धरलेली दुहेरी पत्ती फुंकरीने थरथरते आणि नळीतल्या हवेला कंप देते. नळी खाली रुंदावत जाते, त्यामुळे मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा साऱ्याच पटींच्या कंपनसंख्येचे स्वर उमटतात. त्यांतले कित्येक सेकंदाला २००० ते ५००० कंपनांच्या पट्ट्यात येतात, आणि नेमका तिथेच आपला कान सर्वांत तिखट! म्हणून विजेवाचूनही सनई मांडवाबाहेर ऐकू जाते.

ध्वनिवर्धकाचे तसे नाही. तो हवा तितका चढवता येतो. ८५ डेसिबेलचा आवाज कानांनी दिवसाला ८ तासच सोसावा, असे मानतात. पुढे दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. हिशेब करा : १०० डेसिबेलला उरतात अवघी १५ मिनिटे. वरात तर दोन-दोन तास चालते! आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि मुले नाचतात ती नेमकी ध्वनिवर्धकाला खेटून.

मोकळ्या जागी ध्वनिवर्धकापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवरून चार मीटरवर सरकलात, तर मुदत चौपट.