फ्रिथ स्ट्रीटवरचे सहा नंबरचे घर

लंडनच्या सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवर सहा नंबरचे घर १७१८ साली उभे राहिले. १६६६च्या आगीत शहर जळाल्यावर लाकडी घरे बांधायला बंदी आली आणि एकमेकांना चिकटलेली, विटांची, अरुंद घरे ही लंडनची ओळख झाली. जागा महाग, म्हणून घर आडवे पसरायचे नाही, उभे वाढायचे. तळघरात स्वयंपाकघर, त्यावर बैठकीच्या खोल्या, वर निजायच्या आणि पार माळ्यावर नोकरमाणसे. १७०९च्या कायद्याने तर खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीत चार इंच आत बसवायला लावल्या, एका घराची आग पुढच्या घराच्या लाकडाला लागू नये म्हणून. जुन्या लंडनच्या दर्शनी भिंतींवर खिडकीभोवती जी रेखीव सावली पडते, ती या चार इंचांची.

सोहो तेव्हा बड्या लोकांची वस्ती होती. पुढे ते पश्चिमेला मेफेअरकडे सरकले आणि इथल्या घरांत बिऱ्हाडकरू आले. कारागीर, परदेशातून आलेले लोक, कलावंत. याच रस्त्यावर १७६४-६५मध्ये लहानगा मोझार्ट वडील आणि बहिणीसह राहिला. १९२६च्या जानेवारीत जॉन लोगी बेअर्डने २२ नंबरच्या घरात टेलिव्हिजनचे प्रात्यक्षिक दाखवले.

सहा नंबरच्या घरात १८३० साली विल्यम हॅझलिट राहायला आला. निबंधकार म्हणून नाव मोठे, खिसा रिकामा. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला, वयाच्या ५२व्या वर्षी, तो इथेच वारला. शेवटी मित्र चार्ल्स लॅम जवळ होता. खोली पुन्हा भाड्याने द्यायची घाई असलेल्या घरमालकिणीने त्याचा देह पलंगाखाली सरकवून नव्या भाडेकरूंना खोली दाखवली, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, त्या काळच्या सोहोत खोलीला किती मोल होते ते तिच्यातून कळते. ज्या इंग्रजी निबंधातून फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाने प्रेरणा घेतली, त्याचा हा एक थोर शिल्पकार.

१९८६ साली इथे ‘हॅझलिट्स’ हे हॉटेल सुरू झाले. पुढे शेजारची जुनी घरेही त्यात आली. भिंतींचे लाकडी पॅनेलिंग राखले. तीन शतकांत घर जिथे जिथे खचले, तिथे जमीन तिरपी झाली आहे. ती सपाट करण्याचा हट्ट धरला नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. वाड्याचे हॉटेल करताना आपल्याकडे बहुतेक वेळा दर्शनी कमान तेवढी ठेवतात आणि आतले सगळे पाडतात. इथे खोल्यांची जुनी मांडणी हीच हॉटेलची मांडणी झाली. मुक्कामाला येणारे लेखक आपली सही केलेली पुस्तके मागे ठेवून जातात, ही प्रथाही इथलीच. आणि पाहुण्यांना खोली देणे या घराला नवे नव्हतेच. प्रवासावरच्या आपल्या निबंधात हॅझलिटने खाणावळीतल्या मुक्कामाची थोरवी गायली आहे: तिथे माणूस आपले नाव-गाव विसरून मोकळा होतो, असे त्याचे म्हणणे.

लंडनला गेलात तर या घरावरून जरूर जा. तिथून काही मिनिटांवर सेंट ॲन चर्चच्या आवारात हॅझलिटची कबर आहे. तिच्यावरचा मूळ दगड एकोणिसाव्या शतकातच हलवला गेला होता. आजचा दगड वाचकांनी वर्गणी काढून २००३ साली बसवला.